चपट्या तारा

सोमवार, ३

मिस्त्रींचा नियम आहे: साइटवरून आल्यावर दिवसाचं माप वहीत लिहिल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. वही सुलटी धरली की मापं. उलटी धरून मागून उघडली की ही माझी पानं. इकडे कुणी येत नाही. सातवीनंतर एवढं सलग लिहिलेलं नाही, बोटं दुखतात. दिवसभर टाइल कापून दुखत नाहीत आणि अर्धं पान लिहून दुखतात, काय म्हणावं!

आज एक बाथरूम, तीन भिंती झाल्या. मिस्त्री खुर्चीवर बसून सांगतात, मी लावतो. कंपवात झाल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर आपला आपणच काहीतरी करत बसतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल, सांध्यात सिमेंट भरतायत.

दुपारी काम बघायला उठले आणि बाथरूमच्या दारात थांबले ते थांबलेच. पाय खिळल्यासारखे. दारं आणि उंबरे आले की त्यांचं असं होतं. सपाट मोकळ्या जागेत बरे चालतात. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांच्या फरश्या बसवल्या त्याचेच पाय फरशीवरून सुटेनात, म्हणून मला हसू आलं. दाबलं, पण त्यांनी पाहिलं.

"हस, भिंगरी, हस," म्हणाले. "तुझे पाय थांबत नाहीत, माझे सुटत नाहीत. दोघांची सरासरी काढली तर एक धड माणूस निघेल."

भिंगरी म्हणजे मी. नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठेवलं, कारण मी आधीची आठ कामं सांगितली. कुठेच वर्ष काढलं नाही. इथे अकरा महिने झाले. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

गुरुवार, ६

रंगाऱ्याचा फोन आला. आधीच्या एका साइटवर आम्ही बरोबर होतो. तो आता समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलचं काम करतोय. टाइलवाले हवेत, तीस तारखेपर्यंत सांग म्हणाला. तीनशे खोल्या, म्हणजे तीनशे बाथरूम. "आणि काम संपलं की पुढचं गाव," म्हणाला. ऐकूनच तळपाय खाजायला लागले.

मिस्त्रींना अजून बोललो नाही. फोन मी गॅलरीत घेतला होता, आणि काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, खाली कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी काही ऐकलं नसावं.

मी यांच्याच घरी वरच्या खोलीत राहतो. मिस्त्रींना एक नवीनच खोड लागलीय. सकाळी उठल्या उठल्या खालून आवाज येतो, "अगं, बूट आहेत का दारात?" काकू म्हणतात, "आहेत." मग चहा. रोज. माझे बूट वाटेत येत असणार. पाय ओढत चालणाऱ्या माणसाच्या दारात बूट ठेवू नयेत, एवढी अक्कल मला हवी होती.

शनिवार, ८

काकूंचा गुडघा धरला म्हणून मिस्त्रींना चालण्याच्या वर्गाला मी घेऊन गेलो. दवाखान्याच्या मागे एक लांब हॉल आहे. दर शनिवारी सकाळी दहाला दहा-बारा जण येतात, सगळे मिस्त्रींसारखेच. व्यायामाच्या बाई आहेत, चाळिशीच्या, आवाज खणखणीत. आणि कोपऱ्यात एक टेलरमास्तर ड्रम घेऊन बसतात. त्यांची बायको या वर्गात चालते. ती चालते म्हणून ते वाजवतात आणि ते वाजवतात म्हणून ती चालते, असं ते स्वतःच सांगतात.

बाईंनी समजावलं. या लोकांच्या पायांना डोक्याकडून निघालेला निरोप वेळेवर पोचत नाही. पण ठेका कानावर पडला की पाय त्याच्यावर चालू शकतात. ठेका जितका खर्जातला आणि नेमका, तितकं बरं.

मिस्त्री हॉलच्या दारातच अडकले. बाई म्हणाल्या, "एक, दोन. एक, दोन." मिस्त्री म्हणाले, "मी शाळेतसुद्धा कवायत केली नाही." शेवटी दाराबाहेर बाकावर बसून राहिले. तासभर. मास्तरांचा ड्रम चालू होता, पण तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. कानाला लागतो, पायापर्यंत जात नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, माझ्याकडे बेस गिटार आहे."

आहे खरा. साउंडवाल्याकडे कामाला होतो तेव्हा शिकलो, तिथूनच मिळाला. आठ कामांतून माझ्याबरोबर निघालेली एवढी एकच वस्तू. चार जाड तारा असतात. गाण्यात तो वेगळा ऐकू येत नाही, पण नसला की गाणं लंगडतं.

शनिवार, १५

फजिती.

सकाळी गेलो, ॲम्प्लिफायर लावला, मास्तरांनी ठेका धरला, मी सुरू झालो. आणि सगळे थांबले! कुणाचा पाय वर, कुणाचा खाली. एक आजी भिंत धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं ऐकतायत. म्हणून आणखी जोरात वाजवलं.

गाणं संपल्यावर बाई जवळ आल्या. फार समजुतीनं म्हणाल्या, "वाजवता छान. पण पाय कुठे टाकायचा ते कळत नाही. एक आवाज संपायच्या आत दुसरा येतो. आणि मधे ते काय ओरडतं?"

ओरडतात त्या तारा. माझ्या तारा साध्या, म्हणजे राउंडवाउंड. आतल्या तारेवर गोल तार गुंडाळलेली असते, कानशीसारखी खरखरीत. बोट सरकलं की 'चीं' होतं. एरवी गाण्याच्या गोंगाटात कळत नाही. इथे प्रत्येक 'चीं'ला ती आजी दचकत होती. शिवाय सिमेंटनं माझी बोटं फुटलेली, ती आणखी खरखरतात.

मास्तर काय म्हणाले ते लिहून ठेवतो. "लेका, तू भरतकाम करतोयस. आम्हाला धावदोरा पाहिजे."

मिस्त्री आजही दाराबाहेरच होते. येताना रस्त्यात एवढंच बोलले, "टाइल कटरमधलं तेल संपलं की असाच आवाज येतो."

राग आला. सगळ्यांचाच. रंगाऱ्याला आत्ताच हो म्हणून टाकावं, असं वाटलं. फोन काढला, तर बॅटरी नव्हती.

रविवार, १६

सांधे पुसायचा स्पंज कापून तारांखाली, अगदी बुडाशी सारला. लांबत जाणारा आवाज तुटला. चीं मात्र तशीच. मिस्त्री खालून ओरडले, "अर्धं झालं!" त्यांचा आवाज हल्ली इतका बारीक झालाय, जिन्यात येऊन ओरडले असणार. म्हणजे जिन्यापर्यंत चालत आले.

मंगळवार, १८

वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्यांतला आहे. मी सांगितलं, न ओरडणारी तार हवी. त्यानं विचारलं, "कोण वाजवणार, कुणासाठी?" दुकानात असं पहिल्यांदाच कुणी विचारलं. सांगितलं सगळं. तो उठला, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि तीन पाकिटं काउंटरवर ठेवली.

पहिली निम्मी गोल, निम्मी चपटी. गोल तार गुंडाळून वरून घासून सपाट केलेली. दुसरी काळी, वरून नायलॉनची पट्टी, बोटाला मेणासारखी. तिसरी फ्लॅटवाउंड. आतल्या तारेवर स्टीलची चपटी पट्टी काठाला काठ लावून गुंडाळलेली.

वाजवून बघायच्या आधी मी डोळे मिटले. मिस्त्रींनी शिकवलंय, फरशी डोळ्यानं तपासायची नाही, डोळा कौतुक करतो. दोन टाइलांच्या सांध्यावरून नख फिरवायचं. अडकलं तर टाइल उचलायची, मग मालक कितीही घाईत असो.

पहिलीवर नख अडकलं, थोडं. दुसरीवर अडकलं नाही, पण ती मऊ, दुकानातल्या बेसवर तिचा आवाज उशीवर बुक्की मारल्यासारखा आला. तिसरीवर नख लांबलचक सुळकन् गेलं. एवढ्या पट्ट्या शेजारी शेजारी, आणि एकही सांधा वर नाही. कुणीतरी माझ्यासारखंच बसून हे बसवलंय असं वाटलं. वाजवली. थप्प. सुरू झाली, संपली. पाय टाकायला जागा सोडून.

"ही," म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "ताण जास्त असतो, सवय करावी लागेल. बेसचा दांडा थोडा ओढला जाईल, तो मी सरळ करून देईन. आणि लावताना..."

शेवटचाच सेट होता. पिशवीत टाकला आणि पळालो.

बुधवार, १९

काय लिहू. सगळ्यात जाड तार मेली.

मीच मारली. लांबी जास्त वाटली म्हणून आधी कापली, सरळ. मग खुंटीत घालून पिरगाळायला लागलो. वाजवली तर ओल्या पोत्यावर हात मारल्यासारखा आवाज. बोटानं चाचपलं तर वरची चपटी पट्टी आतल्या तारेवर सैल फिरत होती.

दुकानात गेलो. दुकानदारानं तार उजेडात धरली. "आधी वाकवायची," म्हणाला. "कापायच्या जागेच्या अलीकडे काटकोनात वाकवायची, मग वाकणाच्या पुढे कापायची. वाकण पट्टीला धरून ठेवतं. सरळ कापली की सुटते."

"मग सांगायचं ना काल!"

"सांगत होतो. तू पायरीवर होतास."

सुटी तार मागवावी लागेल. आठ-दहा दिवस. म्हणजे रंगाऱ्याची तारीख आणि तारेची तारीख एकमेकांना लागून. मागवू का, असं त्यानं विचारलं. मागवा म्हटलं. मागवायला काय जातं.

शनिवार, २२

बाकीच्या तिन्ही तारा आधी वाकवून, मग कापून लावल्या. चौथ्या खुंटीवर काहीच नाही, पुढचा एक दात पडलेल्या माणसासारखा दिसत होता बेस. मला जायचं नव्हतं. मिस्त्री सकाळी आठलाच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. काकू म्हणाल्या, "त्यांना कालपासून घाई आहे." मग गेलो.

तीनच तारा, तेव्हा भरतकामाला कापडच नव्हतं. मास्तरांचा ठेका आणि माझं एकच: थप्प, थप्प. चीं नाही. मला वाटलं, किती कंटाळवाणं! मग पाहिलं तर ती भिंत धरणारी आजी हॉलच्या मध्यावर होती. भिंत पार मागे राहिली होती. मास्तर बायकोकडे बघत होते आणि त्यांच्या काठ्या चुकल्या नाहीत.

मिस्त्री दारात उभे होते. बाकावर नाही, दारात. बाईंनी सगळ्यांना खूण केली, त्यांच्याकडे बघू नका. त्यांचा डावा पाय उचलला, उंबऱ्यावर ठेवला, परत घेतला. परत ठेवला. परत घेतला. तेवढंच.

येताना म्हणालो, "जवळजवळ जमलं होतं."

"जवळजवळ बसवलेली फरशी तू ठेवतोस?"

"नाही."

"मग?" कोपऱ्यावर म्हणाले, "चौथी तार कधी येते?"

सोमवार, २४

आज सकाळी भलताच गोंधळ.

काल विचार करून मी बूट जिन्याखाली ठेवले, वाट मोकळी राहावी म्हणून. सकाळी मी दात घासत असताना खाली आरडाओरडा. काकू "अहो थांबा, अहो पडाल" करतायत. धावत उतरलो. मिस्त्री बनियनवर, अनवाणी, बाहेरच्या दारात खिळलेले. पाय सुटत नव्हते म्हणून तिथूनच रस्त्याकडे बघून हाका मारत होते, "भिंगरी! ए भिंगरी!"

"अहो, मी इथे आहे, मागे."

वळायलाही त्यांना वेळ लागतो. वळले. माझ्याकडे, माझ्या तोंडातल्या ब्रशकडे बघत राहिले. "बूट कुठे गेले?"

"जिन्याखाली ठेवले. तुमच्या वाटेत येतात ना."

"वाटेतच ठेव."

"अडखळाल."

"अडखळू दे."

म्हाताऱ्या माणसांचं काही खरं नाही. मी त्यांच्या शेजारी उभा राहून चौकटीवर तळहातानं थप्प, थप्प केलं. सहाव्या-सातव्या ठोक्याला पाय सुटला आणि ते आत आले. काकू ओट्याकडे तोंड करून होत्या, हसत होत्या की काय ते दिसलं नाही. चहात साखर दोनदा पडली होती.

दिवसभर काम चांगलं झालं. मिस्त्री खुर्चीवरून सारखे खेकसत होते, म्हणजे बरे होते.

शुक्रवार, २८

तार आली. या वेळी दुकानात स्टूल ओढून बसलो आणि दुकानदाराचं बोलणं संपेपर्यंत उठलो नाही. वीस मिनिटं. त्यातलं बरंच मला आधी माहीत होतं, तरी बसलो. दांडाही त्यानं सरळ करून दिला.

उठताना म्हणाला, "एक आहे. या तारा सारख्या बदलायच्या नसतात. सहा महिन्यांनी मुरतात, बोलायला लागतात. दोन वर्षांनी खरं बोलतात. लोक वीस-वीस वर्षं काढत नाहीत."

"आणि ज्याला बदलायची सवय असेल त्यानं?"

"त्यानं दुसऱ्या घ्याव्यात. देऊ का?"

"नको," म्हटलं. जरा जोरातच निघालं तोंडातून.

दुपारी अंगणात तार लावायला बसलो. मिस्त्री म्हणाले, मी धरतो. त्यांच्या हातात तार अशी थरथरत होती की बसवायच्या आधीच वाजायला लागली. त्यांनाच हसू आलं. मग त्यांनी कोपर बेसच्या लाकडावर टेकवला, हात शांत झाला. मी वाकवायला घेतली.

"थांब," म्हणाले. "अजून दोन बोटं पुढे." एक डोळा मिटून माप घेतलं, चाळीस वर्षं घेतलं तसं. "हां. आता वाकव. पूर्ण वाकव. घाबरतोस काय, स्टील आहे. आता काप."

कापली. पट्टी जागची हलली नाही. सूर लावला. तो आवाज मिस्त्रींच्या कोपरातून वर गेला असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. "ही पायाला लागते," म्हणाले.

शनिवार, २९

घाईत लिहितोय, पण सगळं लिहिणार.

चार तारा. मास्तर म्हणाले, "दात बसवून आलास वाटतं." सुरू केलं. सगळ्यात जाड तारेवर, थप्प, थप्प. मिस्त्री दारात. शर्ट तोच इस्त्रीचा. डावा पाय उचलला, उंबऱ्यावर ठेवला. मी खाली बघत राहिलो, वर बघायची हिंमत नव्हती. बोटं मात्र ऐकत होती. मग बाईंचा श्वास ऐकू आला आणि मी वर पाहिलं. मिस्त्री आत होते. दोन्ही पायांनी.

चालत होते. माझ्याकडेच. हॉलची फरशी बघत नव्हते. एरवी ते प्रत्येक फरशीत खोट काढतात.

मध्यावर थांबले. खिळले. तेव्हा माझं बोट पुढच्या तारेकडे गेलं होतं, काहीतरी भरावं, त्यांना ढकलावं म्हणून. उचललं आणि परत जागेवर ठेवलं. थप्प. थप्प. थप्प. किती वेळ ते माहीत नाही. मास्तरांच्या कपाळावरून घाम गळत होता. आणि मग मिस्त्रींचा पाय सुटला.

माझ्या खुर्चीपाशी आले, हात बेसवर ठेवला. दम लागला होता. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "तिकडे दाराजवळ तिसऱ्या टाइलला पोकळ आवाज येतोय. कुणी बसवलीय रे?"

घरी आल्यावर म्हणाले, "वही आण. माप लिही. पुढच्या पानांवर, मागे नको." काकूंनी पेन दिलं. मी लिहिलं: हॉलच्या दारापासून खुर्चीपर्यंत बावीस पावलं.

"मधे थांबलो होतो," म्हणाले. "तेही लिही. थांबलेलं सोडलं तर माप खोटं होतं."

लिहिलं.

रविवार, ३०

रंगाऱ्याचा फोन. म्हटलं, नाही जमणार. का, म्हणाला. म्हटलं, नवीन तारा लावल्यात, मुरायला सहा महिने लागतात. तो इतका हसला की फोन लांब धरावा लागला. "तारेसाठी थांबतोस? तू?" हो म्हटलं. दुसरं काय सांगणार, कारण तेवढंच आहे. सहा महिन्यांनी बघू. दुकानदार तर दोन वर्षं म्हणाला होता.

काल पुढच्या पानांवर लिहिताना एक गंमत दिसली. महिनाभर प्रत्येक तारखेच्या कडेला मिस्त्रींनी थरथरत्या हातानं बरोबरची खूण केलीय. काम तपासल्याची असणार. पण रविवारची तारीख स्वतःच टाकून तिथेही खूण केलीय, आणि रविवारी आम्ही कामाला जात नाही. चोवीस तारखेला आधी फुली मारलीय, मग ती खोडून तिच्यावर मोठी बरोबरची खूण. त्या दिवशी तर काम उत्तम झालं होतं. विचारायला हवं एकदा.

आत्ता खालून पुन्हा आवाज आला, "अगं, बूट आहेत का दारात?"

काकूंच्या आधी मीच ओरडलो, "आहेत, मिस्त्री!"